माहीत आणि जाहीर

शेजाऱ्याविषयी माणसाला किती माहीत असावे, आणि जे माहीत असेल त्यातले किती त्याने चारचौघांत बोलून दाखवावे, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकांत मला फारसा भेटलेला नाही. पिता आणि पुत्र, पती आणि पत्नी, राजा आणि प्रजा यांच्या परस्परकर्तव्यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. पण ज्याच्या न्हाणीघरातले पाणी आपल्या छतातून ठिबकते त्या माणसाचे आणि आपले नाते कोणते, याची चर्चा करण्यास कोणी फारसा उत्सुक दिसत नाही. स्मृतिग्रंथांत शेजारी येतो तो बहुधा सीमेच्या तंट्यात साक्षीदार म्हणून. बांध कोठे होता हे त्याला ठाऊक असते, म्हणून त्याला बोलवायचे. म्हणजे शेजारी हा जाणणारा माणूस, एवढे तरी त्या लोकांनी ओळखले होते. जाणण्याबरोबर आणखी काय येते, ते मात्र त्यांनी आपल्यावर सोपवलेले दिसते.

मी या प्रश्नाकडे कोणत्याही थोर ग्रंथाच्या वाटेने आलो नाही. आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या जिन्याखाली एक काचेची पेटी आहे. तिच्यात सूचना लावतात. गेली सत्तावीस वर्षे मी त्या सूचना वाचीत आलो आहे; वर्तमानपत्र वाचावे तशा, क्वचित त्याहून अधिक लक्ष देऊन. टाकी धुण्यासाठी मंगळवारी पाणी बंद राहील. गच्चीवर पापड, कुरडया वाळत घालणाऱ्यांनी दाराला कडी लावावी. वार्षिक सर्वसाधारण सभा अमुक तारखेस. गणपूर्ती न झाल्यास हीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल व तीस गणपूर्तीची अट राहणार नाही. या शेवटच्या वाक्यावर तर कोणी प्रबंध लिहावा. लोक येणार नाहीत हे नियम करणाऱ्याला आधीच माहीत होते, आणि लोक आले नाहीत तरी लोकांचा निर्णय व्हावा अशी सोय त्याने करून ठेवली. आमच्याकडे तर काही मंडळी मुळातच अर्धा तास उशिरा येतात, आणि त्यांना वक्तशीर म्हणावे लागते.

या सूचनांचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. ‘कळविण्यात येते’, ‘ठरविण्यात आले आहे’, ‘कारवाई करण्यात येईल’. कळवणारा कोण, ठरवणारा कोण, हे त्या वाक्यांत शोधून सापडत नाही. सरकारी कचेऱ्यांतून ही भाषा आपल्याकडे आली आणि चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीतही ती सुखाने नांदू लागली. आमचा सेक्रेटरी हा चांगला मनमिळाऊ तरुण आहे. समोर भेटला तर म्हणतो, “काका, उद्या पाणी नाही हं, बादल्या भरून ठेवा.” तोच माणूस पेटीची कुलूपकिल्ली हातात घेतली की ‘सभासदांनी याची नोंद घ्यावी’ असे लिहितो. यात त्याचे ढोंग नाही. पेटीतून बोलताना आपण एकटे बोलत नाही, आपल्यामागे काहीतरी मोठे उभे आहे, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असावे.

दुसरी गोष्ट, ही सूचना कोणाला उद्देशून असते? ‘सर्व सभासदांस’. आमच्याकडे चोवीस घरांपैकी सात घरांत भाडेकरू राहतात. ते सभासद नाहीत. त्यांच्या मालकांकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेता येते. ही मर्यादा सरकारने २००१ साली घालून दिली, कारण त्यापूर्वी संस्था मनाला येईल तो आकडा लावीत. इमारतीत रोज राबणारा वॉचमन, सकाळी जिना झाडणारी बाई, आठ घरांची भांडी घासणारी बाई, यांच्याविषयी सूचना असतात, पण त्यांना उद्देशून नसतात. ‘घरकाम करणाऱ्या व्यक्तींनी लिफ्टचा वापर करू नये’ अशी सूचना शहरातल्या काही इमारतींत मी माझ्या डोळ्यांनी वाचली आहे. तिच्या वरतीही ‘सर्व सभासदांस’ असेच लिहिलेले होते. ज्यांनी जिना चढायचा त्यांना ती सांगितलीसुद्धा नव्हती.

सहकारी घरांची कल्पना आपल्याकडे आली ती मात्र मोठ्या उमेदीने. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, कोंदट चाळींतून माणसे मेली, पळाली. १८९८ साली शहरसुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, नव्या वस्त्या आखल्या गेल्या. १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी तळमकींच्या पुढाकाराने सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. या देशातल्या पहिल्या संस्थांत ती गणली जाते. घरमालकाच्या दयेवर न राहता दहा जणांनी एकत्र येऊन स्वतःच स्वतःचे मालक व्हावे, हा विचार आजही मला सुंदर वाटतो. परंतु त्या काळच्या अनेक संस्था एकेका जातीच्या वा समाजाच्या होत्या, हेही विसरून चालत नाही. आपल्या माणसांवर भरवसा ठेवणे सोपे, म्हणून सहकार प्रथम तेथे रुजला. पण ‘आपली माणसे’ हे शब्द उच्चारले की दाराबाहेर कोणीतरी उभे राहतेच. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी सहकारी कायद्याविरुद्ध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. न्यायालयाने कायदा पाहिला. नीतीचा प्रश्न त्यामुळे मिटला असे मला वाटत नाही.

शेजाऱ्याने आपल्याविषयी जाणणे हे किती घातक होऊ शकते, याचे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. १९१७ साली परदेशात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी उतारूगृहात ते नाव लपवून राहिले. ते कोण आहेत हे कळले त्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. त्या खोलीत ते राहात होते तोवर कोणाला त्यांचा काही उपद्रव नव्हता. बदलली ती फक्त एक माहिती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या पेटीत थकबाकीदारांची यादी लागली. नाव, घरक्रमांक, रक्कम, व्याजासह. व्याज कमी नसते. २०१४च्या आदर्श उपविधींनी एकवीस टक्क्यांपर्यंत सरळव्याज आकारण्यास मुभा दिली होती, आणि आमच्या सभेने ती पुरेपूर घेतली होती. यादीत चार नावे होती. पहिले नाव ज्यांचे, त्यांची इमारतीत दोन घरे आहेत. ते स्वतः परदेशी असतात आणि घरे बंद असतात. त्यांच्याकडे दोन लाखांच्या वर येणे होते. दुसरे गृहस्थ वरच्या मजल्यावरचे. गच्ची गळते, ती संस्थेने दुरुस्त करीपर्यंत पैसे भरणार नाही, असे त्यांनी रीतसर लेखी कळवले होते. तिसऱ्याचा धंदा बसला होता, हे सर्वांना माहीत होते. चौथे नाव एका मृत माणसाचे होते.

हे चौथे गृहस्थ आदल्या जानेवारीत वारले होते. त्यांच्या निधनाची सूचनाही याच पेटीत, याच जागी लागली होती. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते’ असे तिच्यात म्हटले होते. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर. बँकेचे खातेही एकट्याच्या नावावर, आणि नामनिर्देशन केलेले नाही. मागे राहिलेल्या पत्नीला वारसाचे कागद जमवता जमवता आठ महिने गेले. तोवर घराचे हस्तांतर नाही, म्हणून बिल मृताच्या नावाने येत राहिले, थकत राहिले आणि शेवटी ते नाव यादीत आले. एका वर्षात एका माणसाचे नाव त्या काचेमागे दोनदा लागले, एकदा दुःखाने आणि एकदा अडतीस हजार रुपयांसाठी.

मी सेक्रेटरीकडे गेलो. त्याचे म्हणणे येथे मी पूर्णपणे मांडतो, कारण ते वजनदार आहे. तो म्हणाला, “काका, मी हे काम फुकट करतो. लिफ्टवाला थांबत नाही, पंपवाला थांबत नाही, वॉचमनचा पगार पाच तारखेला द्यावा लागतो. जे भरतात त्यांच्या पैशावर न भरणाऱ्यांची लिफ्ट चालते. मी फोन केले, पत्रे पाठवली, घरी जाऊन चहा प्यालो. यादी लावल्यावर आठ दिवसांत एकाने निम्मे पैसे आणून दिले. तुम्हीच सांगा, काय करू?” यावर ‘माणुसकी दाखवा’ असे म्हणणे मला हास्यास्पद वाटले. माणुसकी तो दाखवीतच होता, पण लिफ्टवाल्याला ती बिलात चालत नव्हती.

तरीही त्याच्या युक्तिवादात एक जागा मला पोकळ वाटली. कायद्याने संस्थेला वसुलीचा मार्ग दिलेला आहे. १९६०च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली निबंधकाकडे अर्ज करून वसुली-दाखला मिळतो आणि मग ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. २०१९ पासून तर गृहनिर्माण संस्थांसाठी अधिनियमात वेगळे प्रकरणच आहे. हा मार्ग वेळखाऊ आहे, त्याला वकील लागतो, खर्च येतो. पण त्यात एक गुण आहे: समोरच्याला नोटीस जाते, त्याचे म्हणणे ऐकले जाते. यादीत तसे काही नाही. यादी फुकट असते आणि लगेच लागू होते. लाज हे वसुलीचे सर्वांत स्वस्त साधन आहे, म्हणूनच ते वापरावेसे वाटते.

आणि ती कोणाकडून वसूल होते, हेही पाहावे. दोन लाख देणे असलेल्या गृहस्थांनी ती पेटी वर्षानुवर्षे पाहिलेली नाही. गच्चीवाले तर आपले नाव अभिमानाने दाखवीत असत. धंदा बसलेल्याने कोणाकडून तरी उसने घेऊन निम्मे भरले. सेक्रेटरीने सांगितलेला यशाचा दाखला तो हाच. आणि ती बाई दिवसातून चार वेळा, दूध आणताना, भाजी आणताना, त्या काचेपुढून जात होती. दंड हा अपराधाच्या प्रमाणात असावा, हे सर्वांना मान्य आहे. लाजेचा दंड मात्र माणसाच्या लाजाळूपणाच्या प्रमाणात बसतो. जो जितका निर्लज्ज तितकी त्याला सूट. असा कर एखाद्या सरकारने बसवला असता तर आपण रस्त्यावर आलो असतो.

जाहीरपणा हा सद्गुण आहे, असे आपण लोकशाहीत धरून चालतो, आणि ते बरोबर आहे. कांटने १७९५ साली शाश्वत शांततेवर लिहिलेल्या निबंधाच्या अखेरीस एक कसोटी दिली आहे. इतरांच्या हक्कांवर परिणाम करणारे जे कृत्य आपला हेतू जाहीर केल्यास करताच येणार नाही, ते अन्यायाचे समजावे, असा तिचा आशय. ही कसोटी राज्यकर्त्यांसाठी आहे. ज्याच्या हातात दुसऱ्याचे बरेवाईट करण्याची सत्ता आहे, त्याने आपले हेतू उजेडात ठेवावे. आमच्या पेटीत काय होते? दुरुस्तीचे काम कोणाला दिले, का दिले, दुसऱ्याचा दर काय होता, हे ‘ठरविण्यात आले आहे’ या तीन शब्दांत झाकलेले. आणि विधवेची अडचण रुपये-पैशांसह उघडी. कांटची कसोटी कोणीतरी काळजीपूर्वक उलटी टांगावी, तसे ते मला वाटले.

कोणी म्हणेल की यात गुप्त ते काय होते? थकबाकीची नावे वार्षिक हिशेबात येतात. हिशेब पाहण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक सभासदाला आहे. शिवाय चोवीस बिऱ्हाडांत कोणाचे कसे चालले आहे हे कोणाला माहीत नसते? हे खरे आहे. पण यातच तो भेद आहे, ज्यासाठी मी हे लिहावयास बसलो. माहीत असणे वेगळे आणि जाहीर करणे वेगळे. शेजाऱ्याला सगळे माहीत असतेच; भिंती पातळ असतात. रात्री कोण खोकते, कोणाचा मुलगा नोकरीवरून घरी बसला, कोणाच्या घरी महिनाअखेरीस फोडणीचा वास येत नाही, हे त्याला कळते. शेजारधर्माचा मोठा भाग हे माहीत नसल्यासारखे वागण्यात आहे. पूर्वीच्या चाळीतली गृहिणी वाटीभर साखर देताना ‘परत कधी देणार’ असे विचारीत नसे, आणि घेणारीही ‘संपली’ एवढेच म्हणे, ‘पैसे नाहीत’ असे नव्हे. दोघींनाही खरे काय ते ठाऊक असे. त्या न बोललेल्या वाक्यावर दोघींचे नाते उभे असे. (चाळीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्याच गॅलरीत एखाद्या मुलीचे नाव एका संध्याकाळीत चाळभर होत असे, आणि त्या मुलीला पेटीवरच्या कुलपाइतकाही आडोसा नसे.)

हिशेबात असलेले नाव, ज्याला पाहण्याचे कारण आहे तो पाहतो. काचेमागचे नाव गॅस आणून देणारा पाहतो, शिकवणीला आलेली मुले पाहतात, आणि अलीकडे तर पेटीचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपवर टाकतात. मग ते नागपूरच्या मुलीला आणि न्यू जर्सीच्या जावयालाही दिसते. माहितीची अक्षरे तीच असली तरी तिच्या पोहोचीबरोबर कृत्य बदलते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो निर्णय मुख्यतः शासनसंस्थेला उद्देशून होता. पण शासनाहून शेजारी अधिक जवळ असतो, हे सांगावयास न्यायाधीश कशाला हवेत!

२०२० साली हा सगळा प्रश्न एकाएकी मोठ्या अक्षरांत आपल्यापुढे आला. महाराष्ट्रात विलगीकरणातल्या लोकांच्या हातावर शाईचे शिक्के मारले गेले, दारांवर कागद चिकटवले गेले. साथीत काही गोष्टी जाहीर कराव्याच लागतात; मजल्यावर आजार आहे हे शेजाऱ्यांना कळणे त्यांच्या जिवाचा प्रश्न होता. मी त्या कागदांच्या विरुद्ध नव्हतो. पण कागद लागताच काही ठिकाणी दाराशी डबा ठेवणारे हात पुढे आले आणि काही ठिकाणी त्या घरच्या परिचारिका मुलीने इमारतीत येऊ नये म्हणून सह्या गोळा झाल्या. कागद एकच, मजकूर एकच. १८९६-९७च्या प्लेगातली मुंबईची छायाचित्रे पाहिली तर घरांच्या दारांजवळ रंगाने काढलेली वर्तुळे दिसतात. त्या घरात प्लेग झाल्याची ती खूण. वर्तुळ पाहून पुढे जाणारे आणि वर्तुळ पाहून आत जाणारे, असे दोन्ही लोक तेव्हाही असणार.

माहीत नसल्यासारखे वागावे, हा माझा नियम मी पुढे ताणला तर तो माझ्यावरच उलटतो, हेही मला दिसते. शेजारच्या घरात नवरा बायकोला मारतो. आवाज येतो. सगळी इमारत टीव्हीचा आवाज वाढवते. ही सभ्यता नव्हे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने कोणाही माणसाला संरक्षण अधिकाऱ्यास माहिती देता येते, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याला जबाबदार धरले जात नाही. म्हणजे कायद्याने शेजाऱ्याचे ‘मला काय माहीत’ हे निमित्त काढून घेतले आहे. मग कोठे गप्प राहायचे आणि कोठे बोलायचे? मी पुष्कळ विचार केला तेव्हा मला असे वाटले की मौनाचे देणे त्या प्रसंगात जो दुबळा आहे त्याला लागते, बलवंताला नाही. मारणाऱ्याची गोष्ट झाकणे हे मौन नव्हे, ती भागीदारी आहे. बाईच्या थकलेल्या पैशांविषयी न बोलणे हे मौन आहे. दुबळा कोण हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते, आणि येथे तयार उपविधी कामी येत नाही.

इथवर माझे विचार ठाकठीक बसले होते. सप्टेंबरच्या सभेत मी ठराव मांडला की थकबाकीदारांची नावे पेटीत लावू नयेत. प्रत्येकास बंद पाकिटात पत्र द्यावे आणि तीन महिन्यांनी कायद्याच्या मार्गाने जावे. सभा अर्थातच अर्ध्या तासाने भरली होती. थोडी चर्चा झाली. कोणी म्हणाले, नावाऐवजी घरक्रमांक लावा. त्यावर हशा पिकला, कारण आमच्याकडे घरक्रमांक हेच नाव आहे. तेवढ्यात त्या बाई उठल्या. सभेत त्या प्रथमच आल्या होत्या, आणि त्यांना मत होते की नव्हते याबद्दल दोघांनी आधीच कुजबूज केली होती, कारण त्या अजून सभासद झाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही माझ्याकरता बोलताय, ते कळतं मला. पण यादी काढू नका. पैसे द्यायचे आहेत ते खरंच आहे. यांचं नाव उभ्या जन्मात कुठल्या यादीत नव्हतं, तेव्हा पहिल्या दिवशी फार वाईट वाटलं. आता माझं एवढंच म्हणणं आहे, की पैसे भरल्यावर तेही लावा. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावा. आणि का थकले होते, तेही मला लिहू द्या.”

मी खाली बसलो. माझा दुबळ्याला झाकण्याचा सिद्धान्त त्या बाईंना नको होता, इतकेच नव्हे तर त्यात त्यांना थोडा अपमानच वाटला असावा. दुबळा कोण हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते, असे मी म्हणत होतो; ते ठरवताना त्याला विचारावे लागते, हे माझ्या सिद्धान्तात कोठे आले नव्हते. तरीही तो सर्वस्वी टाकून द्यावा असे मला वाटत नाही. धंदा बसलेले गृहस्थ सभेला आले नव्हते. त्यांना विचारले असते तर त्यांनी बंद पाकीटच मागितले असते, अशी माझी खात्री आहे. एकाच्या धीटपणाचा नियम करून तो दुसऱ्यावर लादणे बरे नव्हे. पण बाईंच्या बोलण्यात जी खरी गोष्ट होती ती नावाविषयी नव्हतीच. ती कुलपाविषयी होती. त्या पेटीत संस्था त्यांच्याविषयी लिहू शकत होती, त्या संस्थेविषयी, किंवा स्वतःविषयीसुद्धा, एक ओळ लिहू शकत नव्हत्या. माणसाला जाहीर होण्याचे दुःख असते त्याहून, जाहीर झाल्यावर उत्तर देता न येण्याचे दुःख मोठे असते. आरोपीला न्यायालयात बोलू देतात. यादीतल्या नावाला तोंड नसते.

माझा ठराव अकरा विरुद्ध सात मतांनी पडला. दुसरा ठराव सेक्रेटरीने स्वतः मांडला: रक्कम भरल्याची नोंद महिनाभर लावावी, आणि पेटीशेजारी एक उघडा फळा असावा, ज्यावर इमारतीत राहणाऱ्या कोणालाही लिहिता येईल. ‘राहणाऱ्या’ की ‘सभासद’ यावर पंचवीस मिनिटे गेली. शेवटी ‘राहणाऱ्या’ राहिले, बहुधा जेवणाची वेळ झाली म्हणून. वॉचमन राहणारा आहे की नाही हे कोणी विचारले नाही, त्यामुळे तो आहे.

बाईंनी डिसेंबरात पैसे भरले. नोंद लागली. फळ्यावर त्यांनी काही लिहिले नाही. सवड झाली नाही, असे म्हणाल्या. इतरांनी लिहिले. कोणाला मुलाची जुनी सायकल विकायची होती. पोळ्या करणाऱ्या बाईंनी गावी जात असल्याच्या चार तारखा लिहिल्या, त्या एकाच फटक्यात आठ घरांना कळल्या. मग फेब्रुवारीत एके सकाळी मोठ्या अक्षरांत, सही नसलेली, एक ओळ दिसली: लिफ्टच्या कामाला दर किती जणांचे मागवले? सेक्रेटरी संतापला. ज्याला नाव लिहिण्याचे धैर्य नाही त्याला विचारण्याचा हक्क नाही, असे तो म्हणाला, आणि त्यात काही तथ्य होते. फडके घेऊन तो दोनदा खाली गेला, हे मी गॅलरीतून पाहिले. तिसऱ्या दिवशी त्याने त्या ओळीखाली तिन्ही ठेकेदारांचे दर खडूने लिहिले, ‘मी मधल्याला काम दिले, कारण सर्वांत स्वस्त असलेल्याने मागच्या वर्षी केबल चुकीची बसवली होती’ असे लिहिले, आणि खाली सही केली.